अण्णांची तीन केळी

आजारी पडायचंच असेल तर माणसानं निदान आमच्या गावात पडू नये. आजाराचं काय, औषध घेतलं की तो जातो. अण्णा मात्र चहा घेतल्याशिवाय जात नसत.

वाटूर फाट्यावरून आत वळलं की हे गाव. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर-सासर दोन्ही जालना शहरातलं, त्यामुळे खेड्यातली माणसं फार प्रेमळ असतात हे मी वर्गात शिकवत होते आणि खरंही मानत होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला आणि तो भ्रम उतरला. भाड्याच्या खोलीत मी तापानं फणफणून पडले होते. दार नुसतं लोटलेलं. ते ढकलून एक उंच, टोपीवाले, खांद्यावर रुमाल टाकलेले गृहस्थ आत आले आणि त्यांच्या मागून आणखी चौघं. येऊ का म्हणून कोणी विचारलं नाही, साधं खाकरलंही नाही. मी धडपडत उठून बसले, पदर सारखा केला. गृहस्थांनी खुर्ची ओढली, माझ्या औषधाच्या बाटल्या एकेक उचलून उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या आधी हितं एक गुर्जी राहत व्हते. त्यांलाबी हेच झाल्तं. लई भला मानूस. गेले."

मग पिशवीतून तीन केळी निघाली. एक त्यांनी माझ्या उशाशी ठेवलं. एक माझ्यासाठी पेज घेऊन आलेल्या शेजारणीच्या हातात दिलं. तिसरं सोलून स्वतः खाल्लं, साल खिडकीतून बाहेर फेकली आणि शेजारणीकडे पाहून म्हणाले, "चहात साखर जरा जास्त टाका." तिला बिचारीला पाच जणांचा चहा करावा लागला आणि माझी पेज गार झाली.

तर हे अण्णा. गावातले जुने जमीनदार, साठीच्या पुढचे, तब्येतीनं ठणठणीत. शेत पुतण्या पाहायचा. गावाबाहेर त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्या-खोलीभोवती, मोसंबीची बाग होती. त्या बागेतली मोसंबी सरळ व्यापाऱ्याच्या गाडीत जायची आणि आजाऱ्याला मात्र फाट्यावरची तीन केळी मिळायची. मोसंबीचा रस आजाऱ्याला चांगला, हे त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. ते स्वतःच प्रत्येकाला तसं सांगत: "मोसंबीचा रस द्या याला. बिलकुल उभा राहील." आणि केळं पुढे करत.

आजाऱ्याला भेटायला जाणं हा अण्णांचा धंदा होता. सकाळी टोपी झटकून ते पारावर यायचे आणि कोण पडलंय याची चौकशी करायचे. गावात कोणी सापडलं नाही तर परतूरला, नाहीतर जालन्याला. जीपमध्ये पुढची जागा त्यांची ठरलेली. एकदा जालन्याच्या एका दवाखान्यात ते एका ओळखीच्या माणसाला पाहायला गेले, तर त्याला आदल्या दिवशीच घरी सोडलेलं. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. अण्णांनी इतक्या लांबचा खर्च वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाजवळ बैठक मारली. "पाव्हणे कुठले?" पाव्हणे केदारखेड्याचे निघाले. मग केदारखेड्यातली दोन-चार घरं ढवळून अण्णांनी त्याच्याशी नातं काढलं, त्याच्या पित्ताशयाची चौकशी केली, याच आजारानं गेलेल्या दोघांची सविस्तर हकिगत सांगितली आणि एक केळं स्वतः खाऊन उठले. त्या माणसाची बायको म्हणे त्यांच्या पाया पडली. हा किस्सा अण्णाच सांगत, आणि शेवटी म्हणत, "मानसानं मानसाला पाह्यलं पाह्यजे."

हे त्यांचं ब्रीद. पाहायला पाहिजे म्हणजे फक्त पाहायला पाहिजे. त्यात आजाऱ्याला उचलून गाडीत घालणं येत नव्हतं, रक्त देणं येत नव्हतं, दवाखान्यात त्याच्यापाशी मुक्काम करणं तर नव्हतंच. एका विधवा बाईचा मुलगा दवाखान्यात होता, तिनं त्यांना विनवलं की एक दिवस तुम्ही बसा, मी घरी जाऊन गुरांचं पाहून येते. अण्णा म्हणाले, "मला दवाखान्याचा वास सोसत न्हाई, बाई." हे सांगताना ते दवाखान्यातच बसले होते.

आणि जसे ते जात, तसं लोकांनीही यावं, याचा त्यांना हिशेबी आग्रह. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर असे बसले होते की यांना हळद लागायची आहे असं वाटावं. कोण आलं, कोण नाही आलं, कोण नुसतं दारातून डोकावून गेलं, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांचा एक सख्खा चुलतभाऊ त्या वेळी पेरणीच्या गडबडीत आला नाही. अण्णा त्याच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत. पुढे तो चुलतभाऊ वारला तेव्हाही लांबून हात जोडून आले. मेलेल्या माणसालासुद्धा त्यांनी हर्निया माफ केला नाही.

त्या हर्नियात सगळ्यात जास्त कोण दमलं असेल तर काकू. अण्णांच्या बायकोचं नाव मला किती तरी वर्षं माहीत नव्हतं, सगळे काकूच म्हणायचे. बुटक्या, काळ्यासावळ्या, बोटांना कायम चहाच्या पातेल्याचे चटके. येणारा प्रत्येक माणूस अण्णांपाशी बसायचा आणि काकू स्टोव्हपाशी. स्वतः काकू आजारी पडल्या तरी तेच. पाहायला आलेल्या माणसापुढे आजाऱ्यानं आडवं राहायचं नाही, हा आमच्याकडचा शिष्टाचार. बाईमाणसानं तर नाहीच. मोठं माणूस दारात दिसलं की उठून बसायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, "बरं हाय आता" म्हणायचं आणि घरात दुसरी बाई नसेल तर उठून चहा टाकायचा. काकूंच्या घरात दुसरी बाई नव्हती; पुतण्याचं बिऱ्हाड वेगळं. एकुलती लेक घनसावंगीला दिलेली. काकूंना ताप आला की अण्णा गावभर सांगत फिरायचे, आणि मग काकू तापात सगळ्या गावाला चहा पाजायच्या.

हे असं चाललं असतानाच कोरोना आला. पहिल्या लाटेत आमच्या गावाला त्यानं नुसतं हुंगलं. दुसऱ्या लाटेत, ऐन उन्हाळ्यात, तो घराघरात शिरला. दवाखान्यात जागा नाही, आणि बहुतेकांना दवाखान्याची गरजही नाही: ताप, खोकला, अंग मोडून येणं. अशांना घरच्यांपासून वेगळं ठेवायचं, नीट खाऊ-पिऊ घालायचं, पडून राहू द्यायचं आणि कोणाचं बिघडतंय का यावर नजर ठेवायची. एवढ्यासाठी ग्रामपंचायतीनं आमची शाळा घेतली. बाकं व्हरांड्यात रचली. गाद्या मंडपवाल्यानं दिल्या, लग्नं बंद असल्यामुळे त्याच्याकडे त्या पडूनच होत्या. लाल मखमली, सोनेरी झालरीच्या. चौथीच्या वर्गात, पाढे रंगवलेल्या भिंतीखाली, गावातली खोकणारी माणसं वऱ्हाड्यांसारखी ओळीनं झोपली.

देखरेखीला मी आणि गावातली आशा कार्यकर्ती लता. लता सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायची. काही वावगं दिसलं तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन. आमचा नियम एकच होता: भेटायला कोणी यायचं नाही. घरून डबा आणायचा, फाटकाच्या खिळ्याला अडकवायचा, जायचं. फाटकाला मी जाड दोरी बांधली आणि वर पाटी लावली. गावानं पाटी वाचली आणि नियम फारच क्रूर आहे असा निवाडा दिला. आमच्या गावात आजारी माणसाला न भेटणं हे त्याला मारण्यापेक्षा वाईट समजतात.

अण्णा पहिल्याच दिवशी आले. दोरीखालून वाकून. मी अडवलं तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या घरात शिरले आहे. "मॅडम, हे आमचं गाव हाय. आमच्या मानसाला आमी पाहायचं न्हाई तं काय तुमी पाहनार?"

"हो, सध्या मीच पाहणार," मी म्हणाले. "तुमच्या घरात काकू आहेत. इथून आजार घेऊन जाल त्यांच्यासाठी."

"मला काय व्हत न्हाई."

हे मात्र खरं निघालं. त्यांना शेवटपर्यंत काही झालं नाही. अशा माणसांना काही होत नाही.

फाटक बंद झालं म्हणून ते शाळेच्या मागच्या बाजूनं यायला लागले, खिडकीशी. त्यांना पाहून बाकीचेही. संध्याकाळी ऊन उतरलं की मागच्या भिंतीला गर्दी. मास्क हनुवटीवर, तोंड गजाला लावलेलं. "कसं हाय? जेवला का? अशक्त दिसू राह्यला." आणि आत, दिवसभर लतानं विनवून विनवून झोपवलेली माणसं एकेक करून उठून बसायची, बाया पदर सावरायच्या, खोकत खोकत सगळ्यांना उत्तरं द्यायच्या. अण्णा प्रत्येक खिडकीशी थांबायचे, गजातून केळं द्यायचे, आणि कालच परतूरला कोण गेलं ते सांगायचे. ही मंडळी परतली की लता चिमटा लावायची आणि तोंड वाकडं करायची. "मॅडम, अण्णा येऊन गेले का सगळ्यांचं बिघडतं," ती म्हणायची. मी त्यांना एकदा सगळ्यांदेखत म्हणाले की तुम्ही भेटायला येत नाही, तुम्ही मोजायला येता. त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. ते म्हणाले, "मोजाव लागतं, मॅडम. कोन कोनाला इचारतं ते ध्यानात ठेवाव लागतं."

आणि मग काकूंना ताप आला.

तपासणीत निघालं. खोकला थोडा, ताप थोडा, बाकी ठीक. लता त्यांना घेऊन आली. काकूंच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लुगडं आणि तांब्या. मी त्यांना कोपऱ्यातली, पंख्याखालची गादी दिली. त्यांनी ती मखमल हातानं चाचपून पाहिली. "हेच्यावर झोपायचं?" म्हणाल्या, आणि झोपल्या. त्या दिवशी दुपारी मी तीनदा डोकावले. दर वेळी त्या त्याच कुशीवर. लता घाबरून चिमटा घेऊन धावली, पण आकडा चांगला होता. बाई नुसती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी दारातून विचारलं, "काकू, काही हवंय का?"

"काय न्हाई. दार लावून घ्या तेवढं."

मी दार लोटत होते, तेवढ्यात त्यांनी परत हाक मारली. भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. "मॅडम, एक काम कराल? ह्यांला येऊ देऊ नका. खिडकीलाबी न्हाई."

"का हो?"

"ते आले का मला उठून बसाव लागतं."

"नका उठू. तुम्ही आजारी आहात."

"तुमाला न्हाई कळायचं. मी न्हाई उठत, आंगच उठतं." मग म्हणाल्या, "दुपारचा पंखा लावून पडायचं असं मला कधी घडलं न्हाई. बरं लागून राह्यलं. आजून चार रोज राहू द्या."

एवढंच मागणं. सोनं नको, नाणं नको, चार दिवस आडवं राहायला मिळावं. मी मागच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे ठोकले. गावानं मला शिव्या दिल्या, मला त्याचं काही वाटलं नाही. काकू झोपायच्या, जेवायच्या, परत झोपायच्या. ताप उतरायला लागला. मला वाटलं, हे निभलं.

अण्णांना मात्र हे सोसेना. सगळ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्या घरातलं माणूस आजारी होतं आणि त्याला पाहायला कोणीच येत नव्हतं. समोरच्या लिंबाच्या पारावर ते फोन घेऊन बसले. घनसावंगीला फोन, जालन्याला फोन, पुण्याच्या भाच्याला फोन. "हिला शाळेत ठीवलं. एकटीच पडली हाय. कोनी पाहून न्हाई राह्यलं." असं व्याह्यांना सांगितल्यावर व्याही कसे घरी बसतील? लेकीच्या सासरी ही बातमी कळली आणि कोणी आलं नाही, तर उद्या अण्णा ते हर्नियासारखं ध्यानात ठेवणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते जीप करून आले. गाड्या बंद असताना कशी मिळवली कोण जाणे, पण जीपभर माणसं आली: व्याही, विहीणबाई, जावयाचे भाऊ, त्यांच्या बायका, कडेवर पोर. लेकीला मात्र घर सांभाळायला मागे ठेवलं होतं.

अण्णा फाटकाशी आले. इस्त्रीचा सदरा. "मॅडम, व्याही आले घनसावंगीवरून. जल्दी सोडा हिला. घरी घेऊन जातो."

"अजून बऱ्या नाहीत त्या. व्याह्यांना सांगा, नंतर या."

"व्याह्याला वापस लावू? दारातून?"

"लावा."

"तुमाला लेक न्हाई न, म्हनून बोलू राह्यल्या."

मला मुलगा आहे, लेक नाही. एवढंही त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. मी सरपंचांना फोन लावला. सरपंच अण्णांच्या शब्दाबाहेर कधी होते? "जाऊ द्या, मॅडम. त्यांच्या घरी येगळी खोली हाय. सौम्य आजार असला तं घरी चालतं म्हनून सरकारच सांगतं." सरकारनं सांगितलं होतं खरं. त्या वेगळ्या खोलीसमोर जीप उभी राहील हे सरकारला कोण सांगणार?

मी आत गेले. काकू जाग्या होत्या, सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मला पडू द्या, मॅडम." मी म्हणाले, पडा, मी नाही सोडत. तेवढ्यात फाटकातून विहीणबाईंची हाक आली. "विहीनबाई ओ, कशा हायेत?"

आणि माझ्यासमोर काकू उठल्या. मी त्यांचा हात धरलेला होता तरी उठल्या. पदर डोक्यावर गेला, चेहऱ्यावर ते पाव्हण्यांसाठीचं हसू आलं. "बरं हाय आता," असं त्या दाराकडे पाहून म्हणाल्या, तांब्या पिशवीत टाकला आणि चालायला लागल्या. चौथीच्या वर्गातून उन्हात. मला इतका संताप आला होता की मी दोरी सोडून फेकून दिली. आता ती कशाला हवी होती?

पुढचं लतानं सांगितलं. ती मागोमाग त्यांच्या घरी गेली होती. वेगळ्या खोलीत व्याह्यांना बसवलं होतं, कारण तिथं कूलर होता. काकू स्वयंपाकघरात. पहिला चहा झाला, मग जीपवाल्यासाठी दुसरा. मग एवढ्या लांबून आलेली माणसं जेवल्याबिगर कशी जाणार, म्हणून कणीक मळायला घेतली. विहीणबाईंच्या सुना मदतीला उठल्या तर काकूंनी त्यांना बसवलं. लता अण्णांना म्हणाली, अण्णा, काकूंना झोपू द्या, त्यांना दम लागतोय. अण्णा व्याह्यांना ताट वाढत होते. म्हणाले, "ती कामातच बरी राहती."

सकाळी लतानं काकूंच्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा पाहून चिमटा काढून आधी स्वतःच्या बोटाला लावला. मशीन बरोबर होती.

पुतण्यानं गाडी काढली. जालन्यात खाट मिळेपर्यंत गाडी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरली. शेवटी एका ठिकाणी काकूंना आत घेतलं आणि दार लागलं. अण्णा पिशवी घेऊन दाराशी गेले. वॉचमननं हटकलं. अण्णांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, माणसानं माणसाला पाहिलं पाहिजे हेही सांगितलं. तो पोरगेला वॉचमन म्हणाला, "बाबा, मागं व्हा." जालन्यातल्या सगळ्या दवाखान्यांत न विचारता शिरलेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बाहेर राहिला.

पण खोड जाते थोडीच. पुतण्यानं सांगितलं, दोन दिवसांत अण्णांनी बाहेर झाडाखाली बसलेल्या नातेवाइकांमध्ये फेरी सुरू केली. तुमचं कोण आत? कधीपासून? डॉक्टर काय म्हणतो? केळी वाटायला लागले. मग एका बाईनं त्यांना उलट विचारलं, "बाबा, तुमचं कोन हाय आत?"

"घरची."

"कशानं वाढलं?"

अण्णांनी हातातली केळी परत पिशवीत टाकली. पिशवी उचलून ते गाडीत जाऊन बसले आणि नंतर खाली उतरले नाहीत. मला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वाटलं, त्या बाईला कोणी तरी साडी-चोळी करावी.

घनसावंगीच्या जीपमधली बहुतेक मंडळीही पडली. कडेवरचं पोर सुटलं, बाकीचे महिनाभर खोकत होते. त्यांना पाहायला मात्र अण्णा गेले नाहीत.

काकू वाचल्या. कशा, ते डॉक्टरांना आणि त्यांनाच माहीत. पार वाळून गेल्या, बोलताना मधेच श्वास घ्यायला थांबायच्या. पुतण्या त्यांना आणायला गेला तेव्हा अण्णांनी घरी सगळी तयारी केली होती: अंगणात सतरंजी, खुर्च्या, गावाला निरोप. गाडी फाट्यावरून वळली आणि काकूंनी पुतण्याच्या खांद्याला हात लावला. "आखाड्यावर घे."

"काकू, घरी सगळे वाट पाहू राह्यले."

"म्हनूनच."

आखाड्यावर एक पत्र्याची खोली, पुढे पडवी, भोवती मोसंबी. लतानं तिथं बाज टाकून दिली, एक टेबलफॅन नेऊन दिला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, तिचं निमित्त झालं. विश्रांतीचे दिवस संपले तरी काकू घरी गेल्या नाहीत. पुतण्याची बायको सकाळी दूध देऊन यायची. "एका मानसाचा सैपाक म्हंजी सैपाकच न्हाई वो," काकू लताला म्हणाल्या, "भाकर टाकली, झालं." लेक येऊन रडून गेली. सरपंच समजवायला गेले. काकू बाजेवर पडूनच त्यांच्याशी बोलल्या. सरपंचांना चहा मिळाला नाही, आणि या गोष्टीची गावात काकूंच्या आजारापेक्षा जास्त चर्चा झाली.

इकडे घरी लोक अण्णांना भेटायला येत राहिले, पण चहा कोण करणार? अण्णांना साखरेचा डबा सापडेना. एकदोनदा त्यांनी स्वतः करून पाहिला, तो कोणी संपवला नाही. हळूहळू माणसं यायची थांबली. गावाचं अण्णांवरचं प्रेम कोणत्या पातेल्यात शिजत होतं ते सगळ्यांना कळलं. त्यांना स्वतःला कळलं की नाही, सांगता येत नाही. कारण त्यानंतरही ते पारावर बसून, कोण आलं नाही ते मोजत असायचे.

माझी बदली झाली त्या आठवड्यातली गोष्ट. शाळा कधीच परत शाळा झाली होती, गाद्या परत लग्नांना गेल्या होत्या. मी स्कूटीवरून निघाले होते, तर फाट्यावर फळवाल्यापाशी अण्णा उभे. बरेच वाकले होते. मला हात केला. "मॅडम, आखाड्याच्या वाटंवर सोडता का? गुडघा धरून राह्यला."

न सोडायला काही कारण नव्हतं. ते मागे बसले. आखाड्याशी मी गाडी थांबवली. ते उतरले, टोपी झटकून नीट केली, सदरा खाली ओढला, दवाखान्याच्या दारात करायचे अगदी तसं. कुंपणाला काठ्यांचं फाटक होतं, नुसतं लोटलेलं. बाग त्यांची, खोली त्यांची, फाटक त्यांचं. पडवीत बाजेवर काकू पाठ करून पडल्या होत्या. पंखा फिरत होता.

अण्णा फाटकाशी थांबले. हात फाटकावर, पण ढकललं नाही. घसा साफ केला.

"येऊ का?" म्हणाले.

बाजेवर काही हललं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग काकूंचा आवाज आला, मधे श्वासाला थांबत, पण चांगला ठणठणीत. "आज न्हाई. जरा पडली हाय. उद्या या."

अण्णांनी फाटकावरचा हात काढला. मग पिशवी फाटकाच्या खुंटाला अडकवली, तिन्ही केळ्यांसकट, आणि लंगडत माझ्याकडे आले.

"उद्या या म्हनली," त्यांनी मला सांगितलं.

"ऐकलं मी," मी म्हणाले. "बसा, फाट्यावर सोडते."